दात गेला की हाडही जातं

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सेनगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून एक आजी मुलाबरोबर माझ्या हिंगोलीच्या दवाखान्यात आल्या. खुर्चीवर बसल्या, पदराची गाठ सोडली आणि तिच्यातून कवळी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "साहेब, ही तोंडात कमी अन् पदरात जास्त राहते. वरची बसते, खालची काही केल्या बसत नाही. दुधात कुस्करलेली भाकर खाऊन खाऊन जीव विटला बघा."

मुलगा मागे उभा होता. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तिला ते स्क्रूचे पक्के दात बसवायचेत. मोठ्या शहरात चौकशी केली, पूर्ण तोंडाचे काही लाख सांगितले. लागलं तर एकरभर रान विकायची तयारी आहे आमची."

आईच्या दातांसाठी रान विकायला निघालेल्या त्या मुलाचं मला कौतुक वाटलं आणि काळजीही वाटली. कारण स्क्रूचे दात, म्हणजे दंतरोपण किंवा आपण सगळे ज्याला इम्प्लांट म्हणतो ते, याबद्दल लोकांनी बरंच ऐकलेलं असतं. पण ते कशावर उभं राहतं, हे कुणी सांगितलेलं नसतं. आज तेवढंच सांगायचं आहे.

झाड उपटलं की बांध खचतो

आपल्याला दात दिसतो तो हिरडीच्या वरचा. त्याच्याहून लांब भाग, म्हणजे मूळ, जबड्याच्या हाडात असतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची एक पातळ गादी असते. आपण घास चावतो तेव्हा दाब दातावरून या गादीवर आणि गादीवरून हाडावर जातो. या रोजच्या दाबामुळेच तिथलं हाड टिकून राहतं.

बांधावरचं झाड उपटलं की दोन-तीन पावसाळ्यांत तिथली माती वाहून बांध खचतो. जबड्याचं तसंच आहे. दात काढला की त्याच्याभोवतीचं हाड झिजायला लागतं. एखादी दाढ काढल्यावर तिथल्या हाडाची रुंदी वर्षभरात जवळपास निम्म्याने कमी होते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. पुढेही ती थांबत नाही, फक्त तिचा वेग मंदावतो. सगळे दात गेलेल्या माणसाचे गाल बसतात, हनुवटी नाकाकडे आल्यासारखी दिसते, ती या झिजेमुळेच.

आजींची खालची कवळी का बसत नव्हती, त्याचं उत्तर इथेच होतं. त्यांचे दात जाऊन वीस वर्षं झाली होती. वरच्या कवळीला टाळूचा मोठा आधार मिळतो, ती चिकटून राहते. खालच्या कवळीला मात्र हाडाचा एक निमुळता कणा आणि जागेवर न थांबणारी जीभ, एवढंच असतं. कणाच झिजला तर कवळी बसणार कशावर?

तीन मार्ग

गेलेल्या दाताच्या जागी दात बसवण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला, काढता-घालता येणारी कवळी. ती सगळ्यांत स्वस्त. शेजारच्या दातांना फारसा धक्का न लावता करता येते. पण पूर्ण कवळीने चावण्याची ताकद खऱ्या दातांच्या पाव हिश्शाच्या आसपास, काही जणांत त्याहूनही कमी भरते.

दुसरा मार्ग ब्रिजचा, म्हणजे पुलाचा. मधला एक दात गेला असेल तर दोन्ही बाजूंचे दात घासून लहान करतात आणि तिन्हींवर मिळून एकसंध टोप्या बसवतात. काम पंधरा-वीस दिवसांत होतं. शेजारचे दात आधीच किडलेले किंवा टोपीला आलेले असतील तर हा मार्ग चांगलाच आहे. पण ते धडधाकट असतील तर एका गेलेल्या दातासाठी दोन चांगले दात घासावे लागतात. शिवाय पुलाखालचं हाड झिजतच राहतं.

तिसरा मार्ग इम्प्लांटचा. त्याचे तीन भाग असतात. हाडात बसतो तो टायटॅनियम धातूचा स्क्रू, साधारण आठ ते तेरा मिलीमीटर लांब. त्याच्यावर हिरडीतून बाहेर येणारा एक छोटा खुंट, आणि त्या खुंटावर दाताच्या आकाराची टोपी. हे दाताचं कृत्रिम मूळच. शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही आणि हाडावर पुन्हा दाब पडू लागल्याने तिथलं हाड बऱ्याच प्रमाणात टिकतं.

सशाच्या पायातला धातू

धातूचा तुकडा हाडात ठेवला तर शरीर तो बाहेर का फेकून देत नाही? या प्रश्नाचं उत्तर दातांच्या डॉक्टरला सापडलं नाही. पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे स्वीडनचे शास्त्रज्ञ १९५२ च्या सुमारास हाडातला रक्तप्रवाह कसा चालतो, हे पाहत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक छोटी दुर्बीण-नळी बसवली. प्रयोग संपल्यावर महागाची नळी पुन्हा वापरावी म्हणून काढायला गेले, तर ती निघेना. हाड तिला इतकं घट्ट धरून बसलं होतं की जणू धातू आणि हाड एकच झाले होते.

टायटॅनियमच्या पृष्ठभागावर हवेशी संपर्क येताच ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर तयार होतो. शरीराला तो परका वाटत नाही. हाडाच्या पेशी थेट त्याच्यापर्यंत येऊन तिथे नवं हाड घालतात. ब्रोनेमार्क यांनी पुढे बरीच वर्षं हा विषय लावून धरला आणि १९६५ मध्ये योस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात पहिल्यांदा असे स्क्रू बसवले. लार्सन यांना जन्मतः टाळूत आणि जबड्यात दोष होता, दात जवळपास नव्हते, नीट खाता-बोलता येत नव्हतं. २००६ मध्ये त्यांचं निधन झालं तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ, त्या स्क्रूंनी त्यांना साथ दिली.

तरीही जगाला हे पटायला वेळ लागला. १९८२ मध्ये कॅनडातल्या टोरोंटो शहरात परिषद भरली, तिथे ब्रोनेमार्क यांच्या कामाचा वर्षानुवर्षांचा हिशेब मांडला गेला आणि मग ही पद्धत जगभर पसरली. त्याच १९८२ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय दंत महाविद्यालय सुरू झालं. तोपर्यंत मराठवाड्यातल्या माणसाला दातांच्या सरकारी महाविद्यालयासाठी मुंबई किंवा नागपूर गाठावं लागे. आज इम्प्लांट हिंगोली-वसमतसारख्या गावांतही बसवले जातात.

बसवतात कसं?

आधी तपासणी. पूर्ण जबड्याचा एक्स-रे, आणि गरज असेल तर सीबीसीटी नावाचा त्रिमिती स्कॅन. त्यात हाडाची उंची आणि जाडी मिलीमीटरमध्ये मोजता येते. खालच्या जबड्यातून ओठाकडे जाणारी संवेदनेची नस कुठून जाते आणि वरच्या दाढांच्या वरची हवेची पोकळी किती जवळ आहे, हेही दिसतं. नसेला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो, म्हणून हे मोजमाप अंदाजाने करून चालत नाही.

भूल तीच, दात काढताना देतात ती. हिरडी थोडी उघडून हाडात टप्प्याटप्प्याने छिद्र करतात. ड्रिल हळू फिरवतात आणि त्यावर थंड सलाईनची धार धरतात. कारण हाड सत्तेचाळीस अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर तापलं तरी त्याच्या पेशी मरू शकतात, आणि मेलेलं हाड स्क्रूला धरत नाही. मग स्क्रू पिळून बसवायचा आणि टाके घालायचे. दोन-चार दिवस सूज आणि ठणका राहतो. बहुतेक रुग्ण सांगतात, दात काढण्यापेक्षा हे सोपं गेलं.

मग वाट पाहायची. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरचं हाड भुसभुशीत असल्याने तिथे चार ते सहा महिने. काही निवडक रुग्णांत दात काढला त्याच दिवशी स्क्रू बसवता येतो, काहींना तात्पुरता दातही लगेच देता येतो. पण ते हाड किती भक्कम आहे आणि स्क्रू बसताना किती घट्ट बसला, यावर ठरतं. "एका दिवसात पक्के दात" ही जाहिरात वाचून सगळ्यांनीच तशी अपेक्षा धरू नये.

माझी चूक

हे सगळं मी पुस्तकातून शिकलो होतो. पण वाट पाहण्याचं महत्त्व मला एका रुग्णाने शिकवलं.

चाळिशीतला गृहस्थ, खालची उजवी दाढ काढलेली. दोन महिन्यांवर मुलीचं लग्न आलं होतं. म्हणाला, "साहेब, लग्नाच्या पंगतीला दात पाहिजे." तंबाखू खाता का विचारलं, तर म्हणाला, "सोडली." त्याच्या उजव्या गालाच्या आतली कातडी पांढुरकी, सुरकुतलेली होती, दातांच्या फटीत काळे डाग होते. ते मला दिसलं. तरी मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, कारण मलाही ते काम करायचं होतं. स्क्रू बसवला आणि सहाव्या आठवड्यातच त्याच्यावर टोपी चढवली.

लग्न छान झालं. चौथ्या महिन्यात तो आला आणि म्हणाला, "दुखत नाही, पण हलतोय." जुळलेला इम्प्लांट कधीच हलत नाही. हलतो म्हणजे हाडाने त्याला धरलेलंच नाही. स्क्रू बोटांनी फिरवून बाहेर आला आणि त्याच्याबरोबर भोवतीचं हाडही गेलं होतं. पैसे मी परत केले. पण गेलेलं हाड परत करता येत नाही. आधी जी जागा इम्प्लांटला योग्य होती, तिथे आता आधी हाडाची भर घालावी लागणार होती.

तंबाखू तो अजून खात होता, आणि तीही त्याच बाजूला. पण दोष सगळा त्याच्यावर ढकलता येणार नाही. घाई त्याची होती, तरी घाईला हो म्हणणारा मी होतो. तेव्हापासून लग्नाची तारीख सांगणाऱ्याला मी तात्पुरती काढघालीची कवळी करून देतो. फोटोत ती तितकीच चांगली दिसते.

कुणी थांबावं, कुणी करूच नये

चांगल्या हातांनी, योग्य रुग्णात बसवलेले शंभरातले नव्वदहून अधिक इम्प्लांट दहा वर्षांनंतरही टिकून असतात. पण हा आकडा योग्य रुग्णाचा आहे.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट आढळतं. धुरामुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी मिळतं. तंबाखूची गोळी आणि मिश्री हिरडीला थेट भाजून काढतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या राज्यातल्या दर चार प्रौढांपैकी जवळपास एक जण चघळायचा किंवा लावायचा तंबाखू वापरत होता. आपल्याकडे कितीतरी बाया अजूनही मिश्रीने दात घासतात आणि ती दातांना चांगली असते असं मानतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे त्यांना कुणीतरी घरातल्याने सांगायला हवं.

मधुमेह असेल तर इम्प्लांट होतच नाही, असं नाही. साखर आटोक्यात असेल तर होतो. म्हणून आम्ही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करायला लावतो आणि ती फार वाढलेली असेल तर आधी साखर खाली आणायला सांगतो. हाडं ठिसूळ होतात म्हणून किंवा कर्करोगावर काही खास इंजेक्शनं आणि गोळ्या देतात. त्यांतल्या काहींमुळे जबड्याची जखम भरून येत नाही. अशी औषधं चालू असतील किंवा पूर्वी घेतली असतील, तोंडाला-मानेला किरणोपचार झाले असतील, तर ते न विचारताही डॉक्टरला सांगा. आणि मुलांचा दात पडून तुटला तर जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट करत नाहीत. हाड वाढतं, स्क्रू तिथेच राहतो आणि दात आत गेल्यासारखा दिसतो.

आणखी एक गोष्ट. गेलेला प्रत्येक दात भरून काढलाच पाहिजे, असंही नाही. जपानमध्ये १९८९ पासून '८०२०' नावाची मोहीम चालते. ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात असावेत, हे तिचं ध्येय. बत्तीस नव्हे, वीस. समोरासमोर नीट मिळणारे वीस दात असतील तर माणूस बहुतेक सगळं खाऊ शकतो. शेवटची एखादी दाढ नसेल आणि काही अडत नसेल, तर तिच्यासाठी कर्ज काढू नका.

आजींचं काय झालं?

आजींच्या जबड्याचा स्कॅन केला. मागच्या बाजूला हाड फारच थोडं उरलं होतं, नस अगदी वर आली होती. पण खालच्या जबड्याचा पुढचा भाग, हनुवटीचा, बहुतेकांमध्ये शेवटपर्यंत बरा राहतो आणि तिथे ती मोठी नसही आडवी येत नाही. आजींचंही तसंच होतं.

मी मुलाला म्हटलं, "रान राहू द्या. पुढे दोनच स्क्रू बसवू." दोन स्क्रूंवर गोल डोक्याचे खुंट बसवायचे आणि खालच्या कवळीत त्यांना धरणाऱ्या खोबणी ठेवायच्या. सदऱ्याच्या टिचबटणासारखी कवळी जागेवर बसते. रात्री काढून धुवायची, सकाळी पुन्हा लावायची. ही माझ्या डोक्यातली युक्ती नाही. २००२ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियल इथे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी म्हटलं, सगळे दात गेलेल्या माणसाला खालच्या जबड्यात किमान दोन इम्प्लांटवरची कवळी ही पहिली निवड असावी.

आजकाल एका इम्प्लांटला टोपीसह साधारण वीस-पंचवीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत खर्च येतो. स्क्रूच्या बनावटीप्रमाणे आणि गावाप्रमाणे तो बदलतो. दंत महाविद्यालयांत तो बराच कमी पडतो. आजींचं काम एका हंगामाच्या हळदीत भागलं. तीन महिन्यांनी कवळी जोडली, त्या दिवशी मुलाने डब्यात भाकरी आणली होती. आजींनी कडेचा तुकडा मोडला, बराच वेळ चावत राहिल्या आणि म्हणाल्या, "ऊस नाही होणार, पण भाकर होती."

ऊस नाहीच होणार, ते मीही सांगितलं होतं.

निगा आणि चार प्रश्न

टायटॅनियमला कीड लागत नाही, म्हणून अनेकांना वाटतं की आता घासायची गरज नाही. उलट आहे. इम्प्लांटभोवती किटण साचलं की हिरडी सुजते आणि खालचं हाड खात जाते. खऱ्या दाताभोवती तंतूंची गादी असते, दुखणं आधी कळतं. इथे गादी नाही, त्यामुळे बराच काळ कळतच नाही. दोन वेळा ब्रश, फटींसाठी छोटा ब्रश किंवा दोरा, आणि सहा महिन्यांनी तपासणी, हे आयुष्यभर. पुष्कळ जण विचारतात, पुढे एमआरआय करता येईल का? येतो. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही. फक्त तपासणीआधी तिथल्या माणसाला सांगून ठेवा.

काम करून घेण्याआधी डॉक्टरला चार गोष्टी न लाजता विचारा. सांगितलेल्या रकमेत खुंट आणि टोपी धरली आहे का? स्क्रू कोणत्या कंपनीचा? त्याच्या डबीवरचं नाव-नंबरचं स्टिकर मला मिळेल का? दहा वर्षांनी खुंट सैल झाला तर दुसऱ्या डॉक्टरला त्याच मापाचा भाग शोधायला ते स्टिकरच उपयोगी पडतं. आणि चौथं, इम्प्लांट जुळला नाही तर पुढे काय? या प्रश्नावर जो डॉक्टर चिडत नाही, त्याच्याकडे काम करावं.

शेवटी, ज्यांचे दात अजून तोंडात आहेत त्यांच्यासाठी. दाढ ठणकायला लागली की आपण म्हणतो, "काढून टाका साहेब, कटकट मिटवा." त्या वेळी आधी विचारा, "ही वाचेल का?" पुष्कळ दाढा रूट कॅनल करून वाचतात, आणि स्वतःच्या मुळाइतकं चांगलं मूळ अजून कुणी बनवलेलं नाही. वाचणारच नसेल तर दुसरा प्रश्न विचारा, "या जागेचं पुढे काय करायचं?" तो प्रश्न दात काढायच्या आधी विचारला तर हाड राखता येतं. वीस वर्षांनी विचारला तर आजींसारखी तडजोड करावी लागते.